वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होणाऱ्या मुलाची वंशावळ कशी लिहावी

मुलाला वर्षभरात दोनदा न्यूमोनिया झाला, पुढे यकृतात गळू झाले, क्षयाविरुद्धची बीसीजी लस टोचलेल्या बाजूची काखेतली गाठ सुजून फुटली, तर दरवेळी जंतूलाच दोष देऊन भागत नाही. अशा आजारांमागे जनुकीय दोष असू शकतो. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज हा त्यांपैकी एक. त्यात पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, पण त्यांना मारण्यासाठी ऑक्सिजनपासून बनणारी रसायने तयार करू शकत नाहीत. शिवाय दाहही वेळेवर शमत नाही आणि पेशींच्या गाठी साचून जठराचा किंवा मूत्राचा मार्ग अडू शकतो.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी तीन पिढ्यांची वंशावळ लिहावी आणि सुरुवात आईच्या माहेरापासून करावी. या आजाराच्या एका प्रमुख प्रकाराला कारणीभूत असलेले, १९८६ मध्ये ओळखले गेलेले सीवायबीबी हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रीत दोन एक्स गुणसूत्रे असतात, पुरुषात एकच. त्यामुळे वाहक स्त्री, म्हणजे एका गुणसूत्रावर सदोष जनुक बाळगणारी स्त्री, बहुधा निरोगी दिसते आणि आजार मुलग्यांत प्रकटतो. म्हणूनच मामा, आईचे मामा आणि मावशीचे मुलगे यांची चौकशी महत्त्वाची ठरते. बालपणी दगावलेल्या मुलांचा विषय घरात सहसा निघत नाही, तेव्हा आजीला हळुवारपणे विचारावे, आणि 'तापाने गेला' एवढ्यावर न थांबता वय, गळवे, खोकला, शस्त्रक्रिया यांची नोंद करावी. हे विचारताना आईला अपराधी वाटू देऊ नये. जनुक कोणी निवडून घेत नाही. आईवडील मामे-आतेभावंडे असतील, तर तेही स्पष्ट लिहावे, कारण आजाराचे इतर प्रकार दोन्ही बाजूंकडून सदोष जनुक आल्यावरच होतात.

सोबत जुने कल्चर रिपोर्ट, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखल्याचे अहवाल, न्यावेत. अ‍ॅस्परजिलस ही बुरशी, नोकार्डिया किंवा सेरेशिया हे जिवाणू यांपैकी एखादे नाव त्यांत असेल, तर ते अधोरेखित करावे. निदानासाठी डीएचआर ही, पांढऱ्या पेशी ती रसायने बनवतात का हे पाहणारी, रक्तचाचणी करतात. नमुना ताजा लागतो, म्हणून वेळ आधी ठरवावी. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातील आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) रक्तविकारविषयक संस्था अशा विकारांवर काम करते.

कुटुंबात पुढचे बाळ येणार असेल, तर चाचणी होईपर्यंत बीसीजी लांबवण्याविषयी प्रसूतीपूर्वीच डॉक्टरांशी बोलावे, मात्र इतर लसी स्वतःहून टाळू नयेत. आणि निदान होईपर्यंत मुलाला उकिरडा, शेणखत व कुजलेला पालापाचोळा यांपासून दूर ठेवावे, कारण त्यातली बुरशी श्वासावाटे आत गेल्यास अशा मुलाच्या फुफ्फुसांत काही दिवसांतच जीवघेणा दाह उसळू शकतो.