सिलिकॉन ऑइल: ग्रेडची निवड आणि वापर

सिलिकॉन ऑइल मागवताना नुसते नाव सांगून भागत नाही. त्याची व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, सेंटिस्टोक या एककात सांगावी लागते. पाण्याहून पातळ आणि सहज उडून जाणाऱ्या तेलापासून लाखो सेंटिस्टोकच्या, मोठ्या मुश्किलीने ओघळणाऱ्या तेलापर्यंत सर्व ग्रेड बहुधा पॉलिडायमिथाइल सिलोक्झेन या एकाच पॉलिमरचे असतात. फरक असतो तो सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या साखळीच्या लांबीचा. तापमान बदलले तरी या तेलाचा घट्टपणा खनिज तेलाच्या मानाने फारच कमी बदलतो आणि मधले बरेचसे ग्रेड उणे ४० अंशांनाही वाहते राहतात.

ऑइल बाथसाठी, म्हणजे गरम तेलात भांडे ठेवून तापवण्यासाठी, ५० ते ३५० सेंटिस्टोकचा ग्रेड सोयीचा पडतो. उघड्या भांड्यात दीर्घकाळ काम करायचे असल्यास १५० अंश सेल्सियसच्या फारसे वर जाऊ नये, कारण त्यापुढे हवेतील ऑक्सिजनमुळे तेल हळूहळू घट्ट होऊन शेवटी जेलसारखे बनते आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड हा विषारी वायूही निघू शकतो. अधिक तापमानासाठी रेणूत फिनाइल गट (बेंझिनसारखे कार्बनचे कडे) असलेले सिलिकॉन तेल घ्यावे आणि वायुवीजन चोख ठेवावे. तेलाचे भांडे पूर्ण कोरडे असणे सर्वांत महत्त्वाचे: पाण्याचा थेंब तळाशी जातो, तेथे एकदम वाफ होतो आणि गरम तेल बाहेर उसळते.

साच्यातून रबर किंवा प्लॅस्टिकचा माल सुटावा म्हणून ३५० ते १,००० सेंटिस्टोकचे तेल किंवा त्याचे पाण्यातील इमल्शन (बारीक थेंबांचे दुधाळ मिश्रण) फवारतात. थर जेमतेम जाणवेल इतकाच असावा. जास्त झाल्यास मालावर डाग उमटतात. फेस मोडण्यासाठी नुसते तेल क्वचितच पुरते, त्यात सिलिकाची बारीक पूड मिसळलेली असावी लागते. असे डिफोमर आधी पातळ करून, जेथे ढवळणे जोरात चालते तेथे थोडे थोडे सोडावे.

वंगण म्हणून सिलिकॉन ऑइल रबर आणि प्लॅस्टिकला उत्तम, पण पोलादावर पोलाद दाबाने घासत असेल तेथे टाळावे. सिलिकॉन रबराच्या ओ-रिंगलाही (गळती रोखणाऱ्या गोल कड्याला) ते लावू नये, कारण ती फुगते. ट्रान्सफॉर्मरमध्ये मात्र ५० सेंटिस्टोकचे तेल आगीचा धोका कमी करण्यासाठी वापरतात. ते ३०० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय सहसा जळत राहत नाही.

या तेलाचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभाग आक्रसून धरणारा ताण, सुमारे २१ मिलिन्यूटन प्रति मीटर, म्हणजे पाण्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी असतो. म्हणूनच ते कोठेही झपाट्याने पसरते. हाच गुण रंगकामाच्या विभागात तापदायक ठरतो, कारण पत्र्यावर त्याचा अंश राहिला तरी रंग तेथून मागे सरतो आणि गोल खळगे पडतात. या तेलाची फवारणी रंगखान्यापासून दूर करावी, हातमोजे आणि फडकी वेगळी ठेवावीत. सांडलेले तेल आधी शोषक पदार्थाने टिपून घ्यावे, मग मिनरल टर्पेंटाइनने पुसावे. नुसते पाणी ओतल्यास ते हटत नाही आणि फरशी निसरडीच राहते.