नॉर्थ की साउथ? न्यू जर्सीतल्या प्लेन्सबरोला येणाऱ्या मराठी आईबापांसाठी

घर बघायला येणाऱ्या आपल्या लोकांचा इथल्या दोन सरकारी हायस्कूलांबद्दल पहिला प्रश्न ठरलेला असतो: "नॉर्थ चांगली की साउथ?" मी इथे २००१ पासून आहे, तेव्हापासून हा प्रश्न बदललेला नाही. उत्तरही नाही. तुमचा पत्ता ज्या शाळेत बसतो, ती तुमची शाळा. लीजवर सही करण्याआधी स्कूल डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेकडे, पत्ता सांगून खात्री करून घ्या, विषय संपला.

तरी थोडी माहिती. वेस्ट विंडसर मर्सर काउंटीत, प्लेन्सबरो मिडलसेक्स काउंटीत, पण दोन्ही गावांचं स्कूल डिस्ट्रिक्ट एकच. साउथ हायस्कूल १९७३ चं, प्रिन्स्टन जंक्शनच्या बाजूला. न्यूयॉर्कच्या गाडीसाठी बाप मंडळी जिथे पहाटे धावतात, ते हेच स्टेशन. नॉर्थ १९९७ चं, प्लेन्सबरोत. एकेकाळी इकडे शेतं आणि गोठे होते. अमेरिकेतल्या दुधाच्या जाहिरातीतली प्रसिद्ध गाय एल्सी प्लेन्सबरोच्याच डेअरीतली, तिची समाधीसुद्धा गावात आहे. आता त्याच गावात फॉक्स रन, हंटर्स ग्लेन असली अपार्टमेंट्स आहेत आणि संध्याकाळी जिन्यात फोडणीचा वास येतो.

शाळेत आशियाई वंशाच्या मुलांचं बहुमत आहे, आणि हे आजचं नाही. २०१५ मध्येच डिस्ट्रिक्टमध्ये ६५ टक्के मुलं आशियाई वंशाची होती. त्या वर्षी डिस्ट्रिक्टचे प्रमुख, सुपरिंटेंडंट डेव्हिड अॅडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानी पत्र पाठवलं. आदल्या वर्षात १२० मुलांना मानसिक तपासणीसाठी पाठवावं लागलं आणि ४० जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, असं त्यात होतं. मग हायस्कूलच्या मिडटर्म आणि फायनल परीक्षा बंद झाल्या, काही रात्री गृहपाठाला सुट्टी मिळाली, चौथीपासूनचं वेगवान गणित पुढे ढकललं गेलं. विरोध करणाऱ्यांत आपले आणि चिनी पालक पुष्कळ होते. त्यांत मीही होते. माझी मुलगी तेव्हा मिडल स्कूलमध्ये, आणि "अभ्यास कमी करून कुणाचं भलं झालंय?" हे माझंच वाक्य. पत्रातले ते आकडे मी खरं तर दोन वर्षांनी नीट वाचले.

हे आधीच सांगते, कारण तुम्ही पुण्याचं किंवा लातूरचं क्लासचं वेळापत्रक डोक्यात घेऊन उतरणार. इथल्या रूट वन हायवेच्या आसपास तसे क्लास भरपूर मिळतील. पण पंधराव्या वर्षी देश बदललेल्या मुलाला पहिल्या सहा महिन्यांत क्लासपेक्षा वेगळ्या गोष्टी लागतात.

सगळ्यात आधी कागद. शाळा फुकट आहे, आणि तुमचा व्हिसा कोणता हे विचारण्याचं शाळेला कारण नाही. राहत्या जागेचा पुरावा, मुलाचा जन्मदाखला, लसींची नोंद आणि जुन्या शाळेच्या मार्कलिस्ट लागतात. नववीपासूनच्या सगळ्या मार्कलिस्ट आणा, कारण इथे हायस्कूल नववीपासून मोजतात. "दहावीची आहे ना, नववीची कशाला?" असं म्हणून ती फाइल सांगलीच्या माळ्यावर ठेवून आलेले लोक मला माहीत आहेत. मेनिन्जायटिसची लस आपल्याकडे सहसा दिलेली नसते. ती इथे लागतेच, तेव्हा त्याची तयारी ठेवा.

नावाची एक गंमत. आपल्या पासपोर्टवर मुलाच्या नावाला चिकटून वडिलांचं नाव असतं. फॉर्म भरताना मधलं नाव वेगळ्या रकान्यात गेलं का, ते बघा. माझा भाचा तीन वर्षांपूर्वी साताऱ्याहून आला आणि त्याच्या बाबांनी हे बघितलं नाही. पहिल्याच आठवड्यात बदली शिक्षिकेने हजेरीत चक्क त्याच्या बाबांच्या नावाने हाक मारली. हा पठ्ठ्या ताडकन उभा राहिला आणि म्हणाला, "येस मॅम!" वर्ग हसला. इथे कुणी उभं राहत नाही, आणि शिक्षकांना आडनावाने मिस्टर किंवा मिस म्हणतात. हे मुलाला घरीच सांगून ठेवा.

घरी कोणती भाषा बोलता, असा एक फॉर्म असतो. इंग्रजीची परीक्षा द्यावी लागेल या भीतीने बरेच जण तिथे 'इंग्लिश' लिहितात. मराठी लिहा. चाचणी झाली तर होऊ दे. इंग्रजी माध्यमातलं मूल बहुधा पास होतं. मराठी माध्यमातलं मूल नाही झालं, तर त्याला इंग्रजीचा जादा तास मिळतो आणि तो हक्काचा असतो. भाच्याला तो मिळाला, आणि त्याचा पहिला मित्र, एक कोरियन मुलगा, त्याच तासाला भेटला.

इयत्तेवरून वाद घालू नका. आपल्याकडची दहावी झालेलं मूल जूनमध्ये आलं की आईबापांना त्याला थेट अकरावीत बसवायचं असतं, वर्ष वाया नको म्हणून. आता गणित करा. न्यू जर्सीत हायस्कूलची पदवी मिळवायला किमान १२० क्रेडिट लागतात आणि वर्षभराचा एक विषय साधारण पाच क्रेडिटचा. इंग्रजी चार वर्षांचं. अमेरिकेचा इतिहास दोन वर्षांचा, शिवाय एक वर्ष जगाचा. परदेशी भाषा, कला, आर्थिक साक्षरता हेही आहेच. पी.टी. आणि आरोग्य दरवर्षी. पी.टी.त नापास झालेल्याला पदवी अडते, हे आपल्या लोकांना खरंच वाटत नाही. अकरावीत आलेल्या मुलाला यातलं बरंच दोन वर्षांत कोंबावं लागतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात पी.एस.ए.टी., मग राज्याची पदवीसाठीची चाचणी, मग कॉलेज प्रवेशाची एस.ए.टी. (पी.एस.ए.टी. ही तिचीच सराव परीक्षा). वय बसत असेल तर दहावीत घ्या म्हणणाऱ्या काउन्सेलरचं ऐका. इथला काउन्सेलर म्हणजे विषय निवडून देणारा, अडलं तर शिक्षकांशी बोलणारा आणि शेवटी कॉलेजसाठी पत्र लिहिणारा माणूस. तक्रार असेल तेव्हाच नाही, आधीच जाऊन भेटा. शाळा लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या, आसपास सुरू होते, म्हणून ऑगस्टच्या मध्याआधी इथे पोचलात तर बरं.

गणितात आपली मुलं तरतात. बुडतात ती इतिहास-इंग्रजीच्या निबंधात. भाच्याने पहिला निबंध इतिहासाच्या पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी उतरवून लिहिला. तिकडे याच कौशल्यावर त्याला पैकीच्या पैकी मिळत आले होते. इथे शिक्षकांनी समासात एवढंच लिहिलं: "हे शब्द तुझे आहेत का?" आपल्याला कॉपी म्हणजे बाहीतली चिठ्ठी एवढंच माहीत. इथे दुसऱ्याचं वाक्य उगम न सांगता वापरणं हीच कॉपी, आणि त्याची नोंद होऊ शकते. 'अपेक्षित'वर वाढलेल्या मुलाला हे पहिल्याच आठवड्यात समजावून सांगा.

दिवस कसा जातो तेही. शिक्षक वर्गात येत नाहीत, मुलंच खोल्या बदलतात, आणि मध्ये जेमतेम काही मिनिटं. पी.टी.साठी कपडे बदलायला लॉकर असतो, त्याला आकड्यांचं गोल कुलूप. उजवीकडे दोन-तीन फेरे देऊन पहिल्या आकड्यावर थांबायचं, मग डावीकडे एक पूर्ण फेरा, दुसरा आकडा ओलांडून परत त्याच्यावर, मग उजवीकडे सरळ तिसऱ्यावर. किल्लीवर वाढलेल्या मुलाला हे जमत नाही, आणि मागे रांग लागली की अजिबातच नाही. सहा-सात डॉलरचं कुलूप आणा आणि जेवणाच्या टेबलावर रोज दहा वेळा उघडायला लावा. आमच्याकडे भाच्याच्या आधी त्याची आजी शिकली, व्हिडिओ कॉलवर बघून.

दर महिन्याला एक आगीची आणि एक सुरक्षेची कवायत होते, राज्याचा कायदाच आहे. सुरक्षेच्या कवायतीत दिवे घालवून, दार लावून, मुलं कोपऱ्यात गप्प बसतात. इथे वाढलेल्या मुलांना त्याचं काही वाटत नाही. नवीन मूल घाबरतं, म्हणून आधी सांगा.

आता डबा. ज्या शाळेत अर्ध्या टेबलांवर पराठे नाहीतर नूडल्स निघतात, तिथे पोळीभाजीला कोण नाक मुरडणार? भाच्याला डब्याची लाज नव्हती. कुठल्या टेबलावर बसायचं, हा त्याचा प्रश्न होता. इथे जन्मलेली आपलीच मुलं नव्या मुलाच्या 'व्ही' आणि 'डब्ल्यू'च्या उच्चाराला हसतात, हे कडू आहे पण खरं आहे. बहिणीच्या लक्षात आलं की डब्यात रोज दोन पोळ्या परत येताहेत. आजारी आहेस का, भाजी आवडत नाही का, सगळं विचारून झालं. शेवटी मलाच म्हणाला, "मावशी, लायब्ररीत खायला देत नाहीत ना. दारातच खाऊन आत जातो. तेवढ्यात दोनच होतात." महिनाभर तो मधली सुट्टी लायब्ररीत काढत होता. घरी आम्ही रोज विचारत होतो, "आज गणितात किती मिळाले?"

त्यावर उपाय पळण्याचा निघाला. पोरगा अजिंक्यताऱ्यावर रोज चढउतार करणारा. बहुतेक शाळांत क्रॉस कंट्री (मैदानाबाहेरची लांब पल्ल्याची धाव) आणि ट्रॅकच्या संघातून कुणाला गाळत नाहीत, येईल तो पळतो. मात्र डॉक्टरचा फॉर्म आणि नोंदणी वेळेवर लागते, हिवाळ्यापूर्वीच्या खेळांची तर उन्हाळ्यातच. त्याचा पहिला हंगाम आमच्या अज्ञानात गेला. ट्रॅक मिळाला, आणि दोन आठवड्यांत डबा रिकामा यायला लागला. तुमचं मूल पळणारं नसेल तर बँड, नाटक, रोबोटिक्स, काहीही चालेल, फक्त ते त्याने निवडू दे. सायन्स ऑलिम्पियाडचा इथे दबदबा आहे, म्हणून सगळ्यांना त्यातच घालायचं असतं. पण त्याला निवड चाचणी असते आणि नव्या मुलाला पहिल्याच महिन्यात नकार पचवावा लागतो.

पालकांचं पोर्टल असतं, त्यात गुण जवळपास रोज दिसतात. आठवड्यातून एकदाच उघडा. ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली पोर्टल बघणारे बाबा मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या मुलांचे चेहरेही. त्यापेक्षा सप्टेंबरातल्या बॅक टू स्कूल नाइटला दोघंही जा. मुलाच्या वेळापत्रकाप्रमाणे दहा-दहा मिनिटं एकेका वर्गात बसवतात. खोल्या शोधताना तुमची जी धावपळ होते, तीच त्याची रोज होते.

एच-फोरवरच्या, म्हणजे आईबापांच्या एच-वन व्हिसावर अवलंबून असलेल्या, मुलांचं थोडं जपून. त्यांना दुकानात किंवा पोहण्याच्या तलावावर पगारी काम करता येत नाही, आणि वर्गातल्या बाकीच्यांना ते करताना बघून वाईट वाटतं. केंद्र सरकारची शिक्षणमदतही त्यांना मिळत नाही. एकविसाव्या वर्षी एच-फोर संपतो, म्हणजे कॉलेजच्या मध्यावर. ग्रीन कार्डच्या रांगेत असाल तर वकिलाशी हे मूल नववीत असतानाच बोला, बारावीत नको.

ड्रायव्हिंगचा हट्ट सोळाव्या वर्षी सुरू होतो. शिकाऊ परवाना सोळाला, एकट्याने चालवायचा सतराला. विम्याचा हप्ता ऐकून बसून घ्या.

प्रॉमचं, म्हणजे हायस्कूलच्या शेवटी होणाऱ्या नाचाच्या पार्टीचं, तुमचं तुम्ही बघा, त्यावर आमच्या घरातच अजून एकमत नाही. ग्रॅज्युएशन जूनमध्ये असतं, आणि शाळांत घरटी तिकिटं मोजकीच मिळतात. आजी-आजोबांना बोलवायचं असेल तर व्हिसाच्या तारखा आदल्या वर्षीच बघायला लागा.