जर्मनीत बिझनेसची मास्टर्स: विद्यापीठांची यादी रँकिंगवरून नको, मार्कशीटवरून करा

जर्मनीत मॅनेजमेंट शिकायचं ठरवलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: टॉपची सरकारी विद्यापीठं कुठली? उत्तर सोपं आहे, पण त्याचा उपयोग कमी. मानहाइम, म्युनिकची एलएमयू आणि टीयूएम, कोलोन, फ्रँकफर्टचं ग्योटे विद्यापीठ. एवढी नावं कुणीही सांगेल. पण अर्ज परत येतो तेव्हा कित्येकदा मार्कांचा प्रश्नच नसतो. तुमचे विषय त्या कोर्सच्या नियमात बसलेले नसतात. म्हणून आधी स्वतःची मार्कशीट घेऊन बसा आणि मग विद्यापीठं शोधा.

त्याआधी ‘सरकारी’ म्हणजे काय ते नक्की करून घ्या. ‘स्टेट रेकग्नाइज्ड’ हा शिक्का जर्मनीतल्या खासगी संस्थांवरही असतो. त्याचा अर्थ पदवीला मान्यता आहे, एवढाच. फी मात्र खासगीच. होखशूलकोम्पास या अधिकृत सूचीत प्रत्येक संस्थेपुढे ती सार्वजनिक आहे की खासगी, हे लिहिलेलं असतं. तिथे बघूनच नाव यादीत घ्या. पुण्या-मुंबईतले कन्सल्टंट खासगी संस्थांची नावं आधी का काढतात, तर कमिशन तिकडून मिळतं. सार्वजनिक विद्यापीठं सहसा एजंटला काही देत नाहीत.

दुसरी गफलत एमबीएची. सार्वजनिक विद्यापीठातही एमबीए बहुधा फी भरूनच करावं लागतं, कारण ते नोकरदारांसाठीचं ‘वाइटरबिल्डेंड’ शिक्षण मानलं जातं. तुम्हाला हवी आहे ती ‘कॉन्सेकुटिव्ह’, म्हणजे पदवीच्या विषयावरच पुढे बांधलेली, एमएससी. कोर्सच्या पानावर हा शब्द शोधा.

फीचं गणित राज्यागणिक बदलतं. बहुतेक राज्यांत शिक्षण शुल्क नाही, फक्त सेमिस्टरची वर्गणी असते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं. मानहाइम याच राज्यात, म्हणजे चार सेमिस्टरचे ६,००० युरो धरा. म्युनिक ज्यात येतं त्या बायर्न राज्यात असं राज्यभराचं शुल्क नाही, पण टीयूएमने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून स्वतःचं लावलं आहे: मास्टर्सला सेमिस्टरमागे ४,००० ते ६,००० युरो. त्याच शहरातल्या एलएमयूला ते लागू नाही. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे ऐकून आलेल्यांनी टीयूएमचा आकडा आधी घरी सांगावा.

आता मुख्य काम. कोर्सच्या पानावर ‘बिझनेसशी संबंधित पदवी’ एवढंच मोघम लिहिलेलं असतं. खरा नियम प्रवेशाच्या पीडीएफमध्ये असतो, ‘झुलासुंग्सऑर्डनुंग’ किंवा तशाच नावाच्या, आणि अनेकदा ती जर्मनमध्येच असते. ॲपमधून भाषांतर करा, पण वाचाच. व्यवस्थापनाचे इतके ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट), अर्थशास्त्राचे इतके, गणित-संख्याशास्त्राचे इतके, अशी मागणी त्यात असते.

तुमचे क्रेडिट म्हणजे ईसीटीएस नव्हेत. तीन वर्षांची पदवी ढोबळमानाने १८० ईसीटीएस धरली जाते. समजा तुमच्या पदवीचे एकूण १३२ क्रेडिट आहेत आणि कॉस्ट अकाउंटिंग चार क्रेडिटचं. मग ४ गुणिले १८० भागिले १३२, म्हणजे साधारण ५.५ ईसीटीएस. जुन्या पॅटर्नमध्ये क्रेडिटच नसतील, तर हेच प्रमाण मार्कांवरून काढा. कागदावर व्यवस्थापन, अर्थशास्त्र, गणित-संख्याशास्त्र असे तीन रकाने आखा आणि प्रत्येक विषय एका रकान्यात टाका. अकाउंट्स, कॉस्टिंग, मार्केटिंग, फायनान्स पहिल्यात जातील. कम्पल्सरी इंग्रजी, पर्यावरण आणि बहुतेक ठिकाणी कायद्याचे पेपर कुठेच जाणार नाहीत. बीकॉमवाल्यांचा तिसरा रकाना बहुधा जवळपास रिकामा राहतो. पहिल्या वर्षाचा बिझनेस मॅथ्स-स्टॅटचा पेपर एकटा किती भार उचलणार? बीबीएवाल्यांचं त्या मानाने बरं असतं. ऑनलाइन सर्टिफिकेटांनी ही तूट सहसा भरून निघत नाही, कारण क्रेडिट विद्यापीठाचे लागतात. तूट असेल तर ते नाव यादीतून काढा, ‘बघू, लागलं तर लागलं’ म्हणत अर्जाचे पैसे घालवू नका. आणि कॉलेजातून सविस्तर सिलॅबस शिक्क्यासह घेऊन ठेवा. ‘विषयाचं नाव सांख्यिकी’ एवढ्यावर कुणी क्रेडिट देत नाही.

इंजिनीअरांची गोष्ट वेगळी. बीई झालेल्यांना नेहमीच्या बिझनेस मास्टर्समध्ये सहसा शिरता येत नाही, कारण व्यवस्थापनाचे त्यांचे पेपर एक-दोनच असतात. पण टीयूएमची मास्टर इन मॅनेजमेंट खास अभियांत्रिकी आणि विज्ञानाच्या पदवीधरांसाठीच आहे. माग्डेबुर्ग विद्यापीठाची ऑपरेशन्स रिसर्च अँड बिझनेस ॲनालिटिक्स इंग्रजीत आहे. गणित पक्कं असणाऱ्यांनी तिचे नियम जरूर बघावेत.

होखशूले, म्हणजे उपयोजित शिक्षणाच्या संस्था, कमी प्रतीच्या समजू नका. पफोर्झहाइम, रॉयटलिंगेन, बर्लिनची एचडब्ल्यूआर यांना कंपन्या ओळखतात. अडचण एकच: तिथली मास्टर्स अनेकदा तीन सेमिस्टरची, ९० ईसीटीएसची असते आणि आत यायला २१० ईसीटीएस मागते. तीन वर्षांच्या बीकॉमला ३० कमी पडतात. काही ठिकाणी ते नंतर भरून काढता येतात, काही ठिकाणी अर्ज तिथेच संपतो.

मार्कांचं रूपांतर ‘बव्हेरियन फॉर्म्युल्या’ने होतं: कमाल गुणांतून तुमचे वजा करा, त्याला कमाल वजा पासिंगने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. ८.२ सीजीपीए, कमाल १०, पासिंग ४ असेल तर १.९. ६८ टक्के, पासिंग ४० असेल तर २.६. इथे लहान आकडा चांगला. पासिंग ४० आहे की ३५, यानेही निकाल हलतो, म्हणून मार्कशीटवर पासिंगची नोंद नसेल तर विद्यापीठाचं पत्र घ्या. जागा मर्यादित असलेल्या कोर्सपुढे ‘एनसी’ म्हणून दिसणारा आकडा मागच्या वर्षी शेवटी प्रवेश मिळालेल्याचा असतो, यंदाची अट नव्हे. मानहाइमला जीमॅट किंवा जीआरई या प्रवेश परीक्षांचा स्कोअर लागतो का, ते नियमात बघा.

वेळेचं भान ठेवा. हिवाळी सत्र ऑक्टोबरचं; सर्वसाधारण मुदत १५ जुलै, पण नावाजलेले कोर्स मार्च ते मेमध्येच अर्ज बंद करतात. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं, सक्तीचं आहे, फी १८,००० रुपये. ते हातात असल्याशिवाय पुढचं काही हलत नाही, म्हणून आदल्या वर्षी गणपती झाले की लगेच अर्ज टाका. अनेक विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणारी युनि-असिस्ट ही संस्था पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३० घेतं. सहा अर्जांचे २२५ होतात. त्यांच्याकडून मिळणारं व्हीपीडी हे फक्त कागदपत्रांच्या तपासणीचं पत्र आहे, त्याला प्रवेश समजून पेढे वाटू नका. सहा ते आठ अर्ज पुरे: दोन मोठी नावं, चार जिथे तिन्ही रकाने भरतात, दोन जिथे एनसीच नाही.

जोडीदाराच्या व्हिसावर जर्मनीत आलेल्यांना वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही, त्यामुळे त्या व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच अडकवून ठेवायच्या ब्लॉक्ड अकाउंटचाही जाच नाही. मात्र शहर ठरलेलं असतं, म्हणून यादी रोजच्या रेल्वेच्या अंतरात बसवा. स्टुटगार्टमध्ये राहून कोलोनला लेक्चरं जमत नाहीत.

बारावीनंतर थेट बॅचलर्सचा विचार असेल तर वाट लांबची: एक वर्ष श्टुडिएनकोलेगचा, म्हणजे विद्यापीठपूर्व तयारीच्या संस्थेचा, अर्थशास्त्र-व्यवस्थापनासाठीचा डब्ल्यू-कोर्स, किंवा भारतात त्याच विषयाचं एक वर्ष पास. सार्वजनिक विद्यापीठांत हे शिक्षण मुख्यतः जर्मनमध्ये असतं, सी-वन या पातळीच्या आसपास जर्मन हवी. मास्टर्स इंग्रजीत असली तरी वेर्कश्टुडेंटची, म्हणजे शिकता शिकता करायची नोकरी बी-टू पातळीच्या जर्मनशिवाय अवघडच. मॅक्स म्युलर भवनात निदान बी-वन करून या.

अर्ज पाठवले की त्याच आठवड्यात त्या शहराच्या श्टुडिएरेन्डेनवेर्ककडे (विद्यार्थ्यांची वसतिगृहं चालवणारी संस्था) वसतिगृहासाठी नाव नोंदता येतं का ते बघा. काही ठिकाणी प्रवेशपत्राआधीच नाव घेतात, आणि म्युनिकसारख्या शहरात ती रांग फार लांब असते.