बुंध्याभोवतीचं काँक्रीट काढा, पण मुळं सांभाळून

पावसाची सर आली की झाडाखाली थांबलेला माणूस पाचेक मिनिटं कोरडा राहतो. तेवढ्यात पानं आणि साल भिजून घेतात. पानांवर साचलेलं पाणी पाऊस थांबल्यावर वाळून जातं, ते गटारापर्यंत पोचतच नाही. बाकीचं पानांच्या टोकांवरून ठिबकतं, नाहीतर फांद्यांवरून ओघळत बुंध्याशी उतरतं. ज्याच्या फांद्यांचा पसारा आठ मीटर रुंद आहे अशा झाडाखाली साधारण पन्नास चौरस मीटर जागा असते. वीस मिलिमीटर पाऊस झाला तर त्या जागेवर हजार लिटर पाणी पडतं. पानं त्यातलं फार तर शंभरेक लिटर धरतील. बाकीचं मुरायचं कुठे? बुंध्याला तर पेव्हर ब्लॉक चिकटलेत.

म्हणून सोसायटीत 'आणखी झाडं लावा' म्हणणाऱ्यांना मी आधी आहेत त्यांची आळी, म्हणजे बुंध्याभोवतीची मातीची जागा, मोकळी करायला सांगतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं. तेच माप धरा, जागा असेल तर जास्त घ्या.

काम एप्रिल-मेमध्ये उरका. झाड पालिकेच्या फुटपाथवर असेल तर उद्यान विभागाला आधी पत्र द्या. आसपास वीज, पाणी, गॅसची लाइन कुठून जाते तेही विचारून ठेवा. खडूने गोल आखा. पेव्हर ब्लॉक असतील तर पहारीने एक उचकटला की बाकीचे हाताने निघतात.

खरी परीक्षा ओतीव काँक्रीटची. माझ्या पहिल्या झाडाला, एका गुलमोहराला, मी ठेकेदाराचा ब्रेकर, म्हणजे काँक्रीट फोडायचं यंत्र, लावू दिला. अर्ध्या तासात काम फत्ते! गड्याने मनगटाएवढं मूळ 'हे काय मधे येतंय' म्हणत तोडलं, मी बघत उभा. दुसऱ्या पावसाळ्यात झाड त्याच्या विरुद्ध बाजूला कललं आणि पार्किंगमध्ये आडवं झालं. तेव्हापासून ब्रेकर बुंध्याच्या दोन हात परिसरात येऊ देत नाही. कोणी काहीही सांगो, येऊ देऊ नका.

छिन्नी-हातोडा घ्या आणि बाहेरच्या कडेपासून आत या. छिन्नीचं तोंड नेहमी बुंध्याच्या उलट दिशेला. तळहाताएवढे तुकडे करा. अख्खी लादी पहारीने उचलायचा मोह होतो, तो आवरा: लादीच्या खालच्या बाजूला ओल धरते, म्हणून बारीक मुळांचं जाळं तिथे चिकटून वाढतं. लादी उचलली की ते जाळं टरकन फाटतं. हा आवाज एकदा ऐकलात की विसरणार नाही. तुकडा हलवून सैल करा, खाली बोटं घाला, मग उचला. उघड्या पडलेल्या मुळांवर लगेच ओलं गोणपाट टाका. उन्हात तासभरही सोडू नका.

बुंध्यालगतची शेवटची चार बोटं रुंदीची पट्टी सगळ्यात वाईट. कधीकधी सालच काँक्रीटवर चढलेली असते. ओढून काढलंत तर साल सोलली जाईल आणि तिथून बुरशी शिरेल. असा तुकडा तसाच राहू द्या. दिसायला घाणेरडं दिसतं, दिसू दे.

आता माती. खणायचं नाही. मुळं चुकवत पहारीने वीतभर खोल भोकं पाडा आणि त्यात कंपोस्ट भरा. वर पालापाचोळा, पण बुंध्याला टेकवू नका.

यापुढे समितीतलं कोणीतरी म्हणेल, 'छान कठडा बांधू, लाल माती भरू, गेरू-चुना लावू.' नम्रपणे नाही म्हणा. कठड्यामुळे फरशीवरचं पाणी बाहेरूनच गटारात जातं, आणि बुंध्यावर चढवलेली माती साल कुजवते. आळ्याची पातळी फरशीपेक्षा दोन-तीन बोटं खाली हवी, मधे बुंध्याशी किंचित उंच. कठडा हवाच असेल तर विटांमध्ये फटी ठेवा. गाड्या धुतलेलं साबणाचं पाणी मात्र दुसरीकडे वळवा.

पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन खाली जा. आळं भरेल, भरू दे. सकाळपर्यंत पाणी जिरलं नसेल तर माती अजून दबलेली आहे. पाऊस उघडला, माती जरा सुकली की पहार घेऊन आणखी भोकं पाडा.