क्रीडाज्योतीचे कुंड: आराखडा आणि प्रज्वलन

आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेच्या ज्योतकुंडाचा आराखडा करताना आधी इंधन ठरवावे आणि मगच आकाराला हात घालावा. कारण ज्योतीचा रंग, उंची, धग आणि नळ्यांची मांडणी इंधनावरच अवलंबून असते. प्रोपेन किंवा नैसर्गिक वायू बर्नरमध्येच हवेत पुरता मिसळून जाळला, तर ज्योत निळी होते आणि दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. आधी मिसळायची हवा कमी केली की ज्वालेतले काजळीचे कण तापून पिवळा प्रकाश देतात, आणि प्रेक्षकांना हीच ज्योत हवी असते. मात्र हवा फारच कमी पडली तर धूर होतो. हायड्रोजनमध्ये कार्बनच नसल्याने त्याची ज्योत दिसत नाही, म्हणून टोकियो ऑलिंपिकच्या कुंडात सोडियम कार्बोनेटचे द्रावण फवारून तिला पिवळा रंग देण्यात आला. द्रवरूप प्रोपेनमधून सतत वायू ओढला की टाकी गार पडून दाब उतरतो; मोठ्या ज्योतीसाठी वायू तयार करणारे तापयंत्र वेगळे लावावेच लागते.

प्रज्वलनाचा क्रम कधीही उलटू देऊ नये: आधी ठिणगी किंवा लहान पायलट ज्योत (मुख्य वायू पेटवण्यासाठी तेवत ठेवलेली), नंतर मुख्य वायू. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने न पेटता सुटला तर कुंडाच्या तळाशी साचतो, आणि मग मशाल टेकवणाऱ्या खेळाडूच्या तोंडावरच भडका उडू शकतो. त्यामुळे मशालीचा स्पर्श प्रेक्षकांसाठी असला, तरी झडप उघडणारा तंत्रज्ञ खेळाडू स्पष्ट दिसेल अशा जागी असावा आणि पायलट जळत असल्याची खूण मिळाल्यावाचून त्याने झडपेला हात लावू नये. बार्सिलोनात १९९२ साली धनुर्धराचा पेटता बाण कुंडावरून पार जाऊन स्टेडियमबाहेर पडला, आणि तसेच ठरलेले होते. बाण कुंडातच पडावा असा हट्ट धरला असता तर सारा सोहळा एका नेमावर टांगला गेला असता.

हलत्या भागांविषयी माझे मत थोडे कठोर आहे. सिडनीत २००० साली कुंड वर चढताना काही मिनिटे अडकले, आणि व्हँकुव्हरमध्ये २०१० साली चारपैकी एक खांब उठलाच नाही. यंत्र जिथे अडकेल तिथेही ज्योत सुरक्षित जळत राहील एवढा वायू आणि मोकळी जागा ठेवता येत नसेल, तर कुंड स्थिर ठेवणेच शहाणपणाचे. लंडनची २०१२ सालची, वर उठून एकत्र येणारी २०४ तांब्याची पात्रे मात्र या शंकेला सुंदर अपवाद ठरली.

कबुतरे सोडायची असतील तर ती प्रज्वलनापूर्वी कधीही सोडू नयेत. सोलमध्ये १९८८ साली काही पक्षी कुंडाच्या कडेवर बसलेले असतानाच ज्योत पेटली आणि ते होरपळले.

मूळ ज्योतीचा अंश बंद कंदिलात जपावा. माँट्रियलला १९७६ साली पावसाने ज्योत विझली तेव्हा एका कर्मचाऱ्याने ती लायटरने पेटवली, आणि आयोजकांना ती मुद्दाम विझवून राखीव ज्योतीवरून पुन्हा लावावी लागली. पॅरिसच्या कुंडात तर आगच नव्हती, ४० एलईडी दिवे आणि पाण्याचे तुषार होते, तरीही ग्रीसमधील ऑलिंपियाहून आलेली ज्योत जवळच कंदिलात तेवत ठेवली होती.

समारोपात ज्योत हळूहळू लहान करत मुख्य झडप बंद करावी, नळीतला उरलेला वायू नायट्रोजनने बाहेर काढावा, आणि त्यानंतरच कुंडाजवळ माणसे पाठवावीत.