टवका भरायला शिकताय? सरावाच्या काचेत या चुका टाळा

विंडशील्डला, म्हणजे गाडीच्या पुढच्या काचेला, खडा लागून पडलेला टवका भरायचं किट घरी आलं की पहिला प्रश्न काचेचा. गिऱ्हाइकाच्या गाडीवर हात साफ करून चालत नाही, म्हणून भंगारातली काच शोधायची, इथवर सगळे बरोबर असतात. पुढे टवका नीट भरला नाही की आपण रेझिनला, म्हणजे टवक्यात भरायच्या चिकट द्रवाला, नावं ठेवतो, नाहीतर स्वतःच्या हाताला. खरा घोटाळा बहुतेक वेळा काच आणताना किंवा ती तयार करतानाच झालेला असतो.

दिसेल ती काच उचलणे

माझी पहिली काच अशीच गेली. भंगारवाल्याकडे एक अख्खी, चकचकीत काच दिसली. घासाघीस करून घरी आणली, सेंटर पंच, म्हणजे खूण पाडायचं टोकदार हत्यार, टेकवून दाबला आणि क्षणात तिचा साबुदाणा झाला. दोन दिवस अंगण झाडत होतो. मागची काच होती ती. काचेवरचं धुकं घालवणाऱ्या डिफॉगरच्या आडव्या रेघा डोळ्यांसमोर असून मला कळलं नाही. मागची आणि बहुतेक गाड्यांच्या दारांची काच टफन असते. तिला भरण्याजोगा टवका पडत नाही, फुटली की सगळीच फुटते.

आपल्याला हवी पुढची, लॅमिनेटेड. साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये पीव्हीबी प्लास्टिकचा पापुद्रा, बहुधा ०.७६ मिलिमीटरचा. कड आडवी धरून पाहिली की मधली रेघ दिसते. घराच्या खिडकीच्या साध्या काचेवर तर वेळ घालवूच नका: तडा आरपार जातो आणि रेझिन खालून टपकतं.

मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गाड्यांच्या सामानाची दुकानंच दुकानं आहेत, पण मी आधी जवळच्या काच बसवणाऱ्याला विचारीन. तडकलेली काच त्याला टाकायचीच असते. चहा पाजलात तर उचलून गाडीतही ठेवून देईल. एका बाजूला एकच लांब तडा असलेली घ्या. अपघातात जाळी झालेली नको. पावसाळाभर उघड्यावर पडलेलीही नको. कडेला दुधाळ पट्टा दिसला तर तिथे पापुद्रा सुटलाय असं समजा. अशा जागी टवका पाडलात तर रेझिन टवक्यात थांबण्याऐवजी दोन थरांमध्ये पसरतं.

टवके पाडून मग काच धुणे

ही चूक सगळ्यात जास्त होते, आणि सगळ्यात उशिरा लक्षात येते. काच मळकट असते, आपण उत्साहात आधी दहा-बारा टवके पाडतो आणि मग साबणाचं पाणी मारतो. केसाएवढ्या चिरांमध्ये ते पाणी शिरलं की सहज बाहेर येत नाही. वरून काच कोरडी ठणठणीत, आणि टवक्यात रेझिन दाबून भरणारा इंजेक्टर लावला की ताऱ्यासारख्या टवक्याच्या पायांच्या, म्हणजे चिरांच्या, टोकाशी रेझिन अडून बसतं. व्हॅक्यूम द्या, प्रेशर द्या, ते काळं टोक काही हटत नाही. म्हणून आधी धुवा, ब्लेडने जुने स्टिकर आणि डिंक काढा, पॉलिशचा थर घालवा, नीट वाळू द्या, आणि टवके पाडा सर्वात शेवटी.

टेबलावर सपाट ठेवून ठोकणे

गाडीत काच चारी बाजूंनी धरलेली असते, मधे मोकळी. तीच काच फरशीवर किंवा टेबलावर ठेवून ठोकली तर मार खालूनही बसतो आणि आतली काचही तडकते. आतली काच गेली की तो टवका दुरुस्तीचा राहिलाच नाही. मी जुन्या टायरवर ठेवतो, फुगीर बाजू वर. फुगीर बाजू म्हणजे गाडीची बाहेरची; काही जण काच उलटी ठेवून ठोकतात आणि मग इंजेक्टर काचेवर धरून ठेवणारा ब्रिज नीट का बसत नाही म्हणून वैतागतात.

पहिला ठोका हलकाच. बेअरिंगची गोळी ठेवून हातोडी मारली की बहुधा गोल टवका, म्हणजे बुल्सआय पडतो; टोकदार पंचने तारा. जुन्या तड्यापासून आणि कडेपासून वीतभर लांब राहा, नाहीतर नवी चीर धावत जाऊन जुन्या तड्याला मिळते. प्रत्येक ठोक्यानंतर खालून नख फिरवून पाहा. नख अडकलं तर ती जागा सोडा. गॉगल आणि जाड हातमोजे घातल्याशिवाय यातलं काहीच करू नका, आणि पायात चप्पल नको, बूट हवेत.

उन्हात काम करणे

रेझिन यूव्हीने, म्हणजे अतिनील किरणांनी, कडक होतं आणि उन्हात यूव्ही असतोच. टवका पुरता भरायच्या आतच ते आळतं. तापलेल्या काचेवर प्रेशर दिलं तर चीर वाढते ती वेगळीच. सावलीत बसा, काच हाताला गार लागेपर्यंत थांबा.

सगळे टवके ताजेच ठेवणे

घरी पाडलेला टवका कोरा करकरीत असतो. गिऱ्हाईक येतं ते खडा लागून पंधरा दिवस झाल्यावर, मधे दोनदा गाडी धुऊन. ताज्या टवक्यांवर हात बसला की चार-पाच नवे मुद्दाम पाडा, त्यांत धूळ चोळा, पाणी मारा, आठवडाभर गच्चीवर ठेवा. शेजारी मार्करने तारीख लिहा. मग सुईने खळग्यातला चुरा काढून, हेअर ड्रायरच्या कोमट हवेने हळूहळू वाळवून ते भरायला घ्या. माझ्या अशा पहिल्या पाचांपैकी एकच धड भरला होता.