पोकर : मोठा डाव हरल्यावर टिल्ट होतो (रागाच्या भरात वाट्टेल तसं खेळणं)? मला लागू पडलेला उपाय

लक्षण असं: एक्क्यांची जोडी, फ्लॉपआधीच (टेबलावरचे पहिले तीन सामाईक पत्ते उघडण्याआधी) ऑल-इन (समोरचे सगळे पैसे डावात), समोर राजांची जोडी आणि रिव्हरवर (शेवटच्या सामाईक पत्त्यावर) राजा. मग तासभर राणी-सत्तीसारखे कमकुवत पत्तेसुद्धा टाकवत नाहीत. पणजीत मांडवीवरच्या कॅसिनोत हे वारंवार झालं, जीव अगदी विटला होता.

दीर्घ श्वास, पाणी, 'आता शांत खेळायचं' असं ठरवणं, काहीच टिकलं नाही.

उपयोगी पडलं ते हे. आधी फक्त दोन बाय-इनची (टेबलावर बसताना खेळायला घ्यायची रक्कम) रोकड सोबत घ्यायची. कार्ड हॉटेलवर, यूपीआय अ‍ॅप लॉगआउट. (ही पायरी सगळ्यात महत्त्वाची.) मोठा डाव हरताच टेबलावरून उठायचं आणि फोनमध्ये लिहायचं: पोझिशन (खेळण्याच्या क्रमातली आपली जागा), पैसे आत गेले तेव्हा दोघांचे पत्ते, जिंकण्याची शक्यता. एक्के विरुद्ध राजे म्हणजे सुमारे ८२ टक्के. शंभरात अठरा वेळा हार ठरलेलीच. आकडा स्वतःच्या हाताने लिहिला की राग खरंच उतरतो. परतल्यावर आपला बिग ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी आळीपाळीने भरायच्या दोन सक्तीच्या रकमांपैकी मोठी) येईपर्यंत थांबायचं, म्हणजे चुकलेले ब्लाइंड वेगळे भरावे लागत नाहीत. पहिल्या फेरीत फक्त दश्शीची किंवा त्यावरची जोडी, नाहीतर एक्का-राजा. पुढे नेहमीचा खेळ. दुसरा बाय-इन संपला की टेबल सोडायचं.